कार्ड चालू-बंद करायचं बटण: तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार, आधीच सांगून टाकतो. बँकेचं नाव लिहीत नाही कारण हे फीचर सगळ्याच बँकांना द्यावं लागतं, रिझर्व्ह बँकेने 15 जानेवारी 2020 ला सर्क्युलर काढलं आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून ते लागू झालं, म्हणजे तुमच्याही बँकेच्या ॲपात हे बटण असणारच, फक्त शोधायला लागतं. आमच्या ॲपात कार्ड्स, मग मॅनेज, मग सेटिंग, मग आणखी एक पान, मग पिन टाका, एवढं झाल्यावर एकदाचं दिसतं.

दिसलं की मात्र काम सोपं आहे. एटीएम, दुकानातलं स्वाइप मशीन, टॅप करून पेमेंट, ऑनलाइन, प्रत्येकाला वेगळं बटण, देशातलं वेगळं आणि परदेशातलं वेगळं, शिवाय प्रत्येकाचं लिमिट आपण ठरवायचं. नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि मशीनपुरतं चालू असायला हवं, बाकीचं आपण मागितलं तरच. प्रत्यक्षात कार्ड द्यायला आलेला पोरगा "साहेब सगळं ऑन करून देतो" म्हणून आपल्याच मोबाईलवर पटापट बोटं फिरवून जातो आणि आपण त्याला चहा पाजतो.

आता ह्या बटणाची गरज काय ते सांगतो. आमच्याकडे होमस्टेवाल्यांना येणारे फोन वेगळ्या जातीचे असतात. मुंबईच्या लोकांना "क्रेडिट कार्डचं लिमिट वाढवून देतो", "रिवॉर्ड पॉइंट आज रात्री लॅप्स होणार" असले फोन येतात, ते आम्हालाही येतात, पण जास्त त्रास आर्मीवाल्याचा. खरा आर्मीवाला नाही हो, फोनवरचा. तो बरोब्बर पावसाळ्यात फोन करतो, किल्ल्यावरच्या होड्या बंद, स्कूबा बंद, खोल्या रिकाम्या, अशा वेळी कोणी चार खोल्या तीन रात्री मागितल्या तर कोण नाही म्हणेल.

शेजारच्या काकींकडे असाच फोन आला. जवानांची तुकडी येतेय म्हणे, रेट सांगितला तो लगेच मान्य, घासाघीस नाही, एसी आहे का विचारलं नाही, जेवणाचं तर नावच नाही. (इथेच संशय यायला हवा असं माझं मत, आमच्याकडे येणारा खरा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सुरमई थाळी केवढ्याला.) मग व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधल्या माणसाचं आयकार्ड, आधार, सगळे फोटो आले. मग दुसरा माणूस लाइनवर, तो म्हणे अकाउंट्सचा साहेब, आर्मीचं पेमेंट फक्त कार्डवरच येतं, यूपीआय चालत नाही, तेव्हा कार्डचा पुढचा आणि मागचा फोटो पाठवा. काकींनी पाठवला. मागचा पण, सीव्हीव्हीसकट, म्हणजे मागे छापलेल्या तीन आकडी गुप्त नंबरासकट.

पैसे गेले नाहीत. कारण काकींच्या लेकाने गणपतीला आला होता तेव्हा कार्डचं ऑनलाइन बंद करून ठेवलं होतं, काकींना ते माहीतही नव्हतं. तिकडून त्या फोनवरच्या आर्मीवाल्याने व्यवहार टाकला आणि इकडे ओटीपीच्या ऐवजी मेसेज आला की तुमच्या कार्डवर ऑनलाइन व्यवहार बंद आहेत. पण तो गडी फोन ठेवीना, "मॅडमजी ॲप खोलिए, मैं बताता हूं" करत काकींना ते बटण चालू करायला सांगायला लागला. काकी मेनूत हरवल्या, वरून रेंज गेली, फोन कटला. मी गेलो तेव्हा म्हणतात कशा, "आयकार्डाचो फोटो पण धाडल्यान मगे, माका वाटला खराच आर्मीचो माणूस."

म्हणजे बटण पाच पायऱ्या आत लपवलंय ही माझी मुख्य तक्रार, आणि काकींचे पैसे वाचले तेही त्यामुळेच. आता स्टार कापायचे की वाढवायचे तुम्हीच सांगा.

माझं म्हणणं असं की फोनवरचा माणूस खोटा आहे हे ओळखण्याच्या नादाला लागूच नये. त्याचा तो रोजचा धंदा आहे, आपण भात शिजत ठेवून, गिऱ्हाइकाला टॉवेल देता देता बोलत असतो. त्याला आपलं नाव, बँक, कधीकधी कार्डचे शेवटचे चार आकडे माहीत असतात, सगळे सावध राहा सावध राहा करतात, अमिताभचा आवाज कॉलर ट्यूनला किती महिने ऐकला, तरी गंडणारे गंडतातच. बंद असलेलं कार्ड मात्र गोड बोलण्याला भुलत नाही. आणि ओटीपी नाही दिला म्हणजे सुटलो असंही नाही, परदेशी साइटवर बऱ्याचदा नंबर, एक्स्पायरी आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच पैसे कापले जातात, म्हणून परदेशाचं बटण तरी आजच बंद करा, तारकर्लीत बसून ते कशाला चालू हवंय.

नंबरावरून थोडंफार कळतं. बँकांच्या सर्व्हिस कॉलसाठी 1600 ने सुरू होणारी सिरीज आहे, जाहिरातवाल्यांसाठी 140 ची. साध्या दहा आकडी मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" असा फोन आला तर सरळ कट करायचा आणि आपण कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावायचा. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा नाही, तिथेही हेच लोक जाळं टाकून बसलेत. संचार साथी ॲप आहे सरकारचं, त्यात चक्षू म्हणून भाग आहे, तिथे असला नंबर कळवता येतो, पण पैसे गेले असतील तर ते त्याचं काम नाही, तेव्हा 1930, म्हणजे सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आता जिथे मी खरंच वैतागलो ते. आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळात टॉवर पण जातो आणि पावसात लाइट जाणं म्हणजे रोजची गजाल. ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं. अशा वेळी कामाला येतो तो साधा एसएमएस, आमच्या बँकेत ठरलेला शब्द आणि कार्डचे शेवटचे चार आकडे एका नंबरला पाठवले की कार्ड ब्लॉक, एक दांडी रेंज असली तरी पुरते. पण हे ॲपात कुठेही लिहिलेलं नाही, ब्रँचमध्ये जाऊन विचारलं तेव्हा कळलं. मी तो नंबर, कार्डमागचा नंबर आणि 1930 असे तिन्ही कालनिर्णयवर मार्करने लिहून ठेवलेत, मोबाईल हँग झाला तर भिंतीवरचं तरी दिसेल.

घाई कशाला म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचं 2017 चं सर्क्युलर वाचा. त्याप्रमाणे तुमची चूक नसेल, बँकेचीही नसेल, मधल्या कुठल्यातरी गळतीने पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन वर्किंग डेजच्या आत तुम्ही कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. पण ओटीपी तुम्हीच वाचून दाखवला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून आधी रडारड नाही, भावाला फोन नाही, आधी कार्ड ब्लॉक करून बँकेकडून तक्रार नंबर घ्यायचा आणि लगेच 1930 लावायचा, रक्कम, वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी ठेवून, म्हणजे पैसे पुढे सरकायच्या आत कुठेतरी अडवता येण्याचा चान्स राहतो.

दीड स्टार कशाचा कापला तर बटण लपवलंय (काकींची माफी मागून), एसएमएसचं सांगत नाहीत, आणि टायमर नाही. मला तासाभरासाठी ऑनलाइन चालू कर आणि आपोआप बंद हो असं हवंय, कारण तिकीट काढायला चालू केलेलं बंद करायला कोण लक्षात ठेवतो.

काकींच्या कार्डाचं पुढे काय ते राहिलं. ऑनलाइन बंद असलं तरी दोन्ही बाजूंचे फोटो बाहेर गेलेत म्हटल्यावर ते ठेवून उपयोग नव्हता, ब्लॉक करून नवीन मागवलं. बँकेने नवीन कार्डाचे पैसे लावले, ते ठीक. पण कार्ड आलं आणि मी ॲप उघडून बघतो तर ऑनलाइन, टॅप, परदेश, सगळी बटणं परत चालू.