मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: एका प्रेसवाल्याचं मत

आधी छपाईचं बोलतो. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये झाली, त्यामुळे छापलेला कागद हातात आला की मी तो आधी उजेडासमोर धरतो, मजकूर नंतर वाचतो. या बायबलचा कागद पातळ आहे. बायबलमधली ६६ पुस्तकं एका पुठ्ठ्यात बसवायची आणि अक्षरही ठसठशीत ठेवायचं, तर दुसरा इलाज नाही. मागच्या पानाची अक्षरं थोडी दिसतात, जास्त करून स्तोत्रसंहितेत, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकात, कारण तिथे ओळी आखूड आणि कोरी जागा भरपूर. शाई मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले आहेत, नुसते चिकटवलेले नाहीत, म्हणून मधलं कुठलंही पान उघडा, पुस्तक सपाट पडून राहतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माझ्यासारख्याला याची किंमत कळते.

वजन विचारू नका. मांडीवर घेतलं की थोड्या वेळात पाय अवघडतो, टेबल हवंच. ज्या दुकानातून मागवलं त्यांनी साध्या पिशवीत घालून पाठवलं, कोपरा चेपून आला. फोन केला तर म्हणे, "काका, प्रवासात होतं तेवढं." असो.

आता टिपांचं. या आवृत्तीत तळटीप, स्पष्टीकरण, काही नाही. आमच्या मंडळीतल्या काहींना ही मोठी उणीव वाटते. मला उलट वाटतं. शरणपूर रोडला आमची गुरुवारची प्रार्थनासभा भरते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन होतं, मग वाचन. पूर्वी एका बंधूंकडे जाडजूड टिपांचं बायबल होतं. वचन वाचलं की ते खालची टीप वाचायचे, आणि विषय खलास. आता एकमेकांना विचारावं लागतं.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची पद्धत पुष्कळ घरांत आहे, आम्हीही ती धरली. ११ तारीख गुरुवारी आली. अकराव्या अध्यायाचं पहिलं वचन खोट्या तागडीचं, आणि लगेच दुसरं गर्वाचं: गर्वामागून अप्रतिष्ठा येते, शहाणपण नम्र माणसांपाशी असतं. आमचे एक प्राध्यापक म्हणाले, ही वचनं सुटी सुटी असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "संबंध कसा नाही, सर? पारड्याखाली चिंच चिकटवणारा गिऱ्हाइकाला येडंच समजतो ना? मी शहाणा नि समोरचा येडा, हाच तर गर्व." सर गप्प झाले आणि त्यांनी ते समासात लिहून घेतलं. समास चांगला रुंद आहे, पण पेन्सिलच वापरा. सरांनी बॉलपेन वापरलं, ते पलीकडे उमटलं.

मोठ्या टायपाचा आणखी एक परिणाम असा की वाचायचा वेग आपोआप कमी होतो आणि एरवी निसटणाऱ्या गोष्टी थांबवतात. १ राजे या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नवा राजा शलमोन देवाला म्हणतो, मी लहान मूल आहे, कसं वागावं ते मला कळत नाही, आणि दीर्घायुष्य किंवा धन न मागता न्याय करायला समजदार मन मागतो. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पुस्तकाचा ११ वा अध्याय किती जण वाचतात? तिथे म्हातारपणी त्याचंच मन देवापासून फिरतं. एकदा मिळालेलं शहाणपण जन्मभर पुरत नाही म्हणायचं. म्हणून याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय मला दिलाशाचा वाटतो: ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. साठीनंतर "मला कळत नाही" म्हणायला जीभ जरा जडच होते, खास करून सुनेसमोर.

पाचपैकी चार. एक गुण वजनाचा कापला. चेपलेल्या कोपऱ्याचा राग पुस्तकावर नाही. शक्यतो दुकानात जाऊन, मधलं पान उघडून आणि शिवण बघून घ्या. रविवारी चर्चला न्यायचं असेल तर लहान आवृत्ती बरी, ही घरात टेबलावर ठेवायची वस्तू आहे. आणि अभ्यासाला टिपा हव्याच असतील, तर त्या वेगळ्या पुस्तकात घ्या.