शेगडीची ज्योत मंद झाली: सिलिंडर बदलावा, जेट साफ करावं की रेग्युलेटर नवा घ्यावा?

कॅम्परव्हॅनमधल्या शेगडीची आच कमी झाली की चार वाटा दिसतात. सिलिंडर बदला, बर्नर खोलून साफ करा, रेग्युलेटर नवा बसवा, नाहीतर गॅसचं काम जाणणारा माणूस बोलवा. चारही उपाय कुठे ना कुठे बरोबर ठरतात आणि म्हणूनच निवड अडते. मी पहिल्यांदा थेट रेग्युलेटर बदलला होता. तो समोर दिसतो, बदलायला सोपा असतो. नवा लावला तरी ज्योत तेवढीच राहिली. पहाट होती, सिलिंडर ब्युटेनचा होता आणि गारठला होता. उन्हं वर आल्यावर आच आपसूक वाढली. तेव्हापासून काहीही विकत घेण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: मंद ज्योत एकाच बर्नरची आहे की सगळ्यांची?

एकच बर्नर मंद आणि शेजारचा झकास पेटत असेल तर सिलिंडर, नळी आणि रेग्युलेटर तिघेही निर्दोष आहेत. गॅस शेगडीपर्यंत नीट पोहोचतोय, अडलाय तो त्या बर्नरच्या जेटमध्ये (गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड), मिश्रणनळीत (जिथे गॅसमध्ये हवा मिसळते) किंवा कॉकमध्ये (गॅस चालू-बंद करणारी झडप). सगळेच बर्नर मंद असतील तर उलट. शेगडी खोलण्यात वेळ घालवू नका, दोष तिच्या अलीकडे आहे. तिसरी अवस्था सहज नजरेतून सुटते. एकटा बर्नर ठीक पेटतो, पण दुसरा लावला की दोन्हींची ज्योत बसते. म्हणजे गॅस येतोय, पण पुरेसा येत नाही. इथे निवड उरते सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यात.

रंगही बघा. ज्योत लहान पण स्वच्छ निळी असेल तर गॅस कमी पडतोय. पिवळी, लांबट, डोलणारी आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडतेय, आणि त्यावर नवा सिलिंडर किंवा रेग्युलेटर काहीच करू शकत नाही. या पिवळ्या ज्योतीला मी फार गंभीरपणे घेतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि व्हॅन म्हणजे एक छोटी बंद खोलीच.

सिलिंडर की रेग्युलेटर

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि आपण वापरतो ती त्याची वाफ. शुद्ध ब्युटेन उणे 0.5 अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे 42 अंशांना. 20 अंशांना ब्युटेनच्या सिलिंडरात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार (दाब मोजायचं एकक) जास्त दाब असतो, प्रोपेनच्या सिलिंडरात 7 बारहून अधिक. पारा शून्याला टेकला की ब्युटेनचा हा जास्तीचा दाब जवळजवळ संपतो. प्रोपेनचा तेव्हाही साडेतीन बारच्या वर असतो. म्हणून थंडीत ज्योत मंदावली आणि सिलिंडर ब्युटेनचा असेल, तर रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी पुढे ढकलायला त्याच्याकडे दाबच नसतो.

बाहेर 6-7 अंश असले तरी फसगत होते. द्रवाची वाफ होताना उष्णता खर्च होते आणि ती त्या द्रवातूनच जाते. दोन बर्नर वीस मिनिटं जोरात चालवले की सिलिंडर बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो. लहान सिलिंडरला हे लवकर होतं. हात लावून बघा, द्रवाच्या पातळीपर्यंत दव किंवा हिमाचा पट्टा दिसेल. सुरुवातीला चांगली ज्योत, मग हळूहळू उतरती आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चांगली, असा क्रम असेल तर सिलिंडरच गारठतोय. प्रोपेन-ब्युटेनचा मिश्र गॅस वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: त्यातला प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्युटेन जास्त उरतो. भरलेला सिलिंडर थंडीत चालला म्हणून अर्धा झालेलाही चालेल असं नाही.

गॅस उरलाय का हे वजनावरून कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. हलवून अंदाज बांधू नका. आणि गारठलेला सिलिंडर आगीने किंवा हीटरने तापवण्याचा विचारही नको. दुपारपर्यंत थांबा, नाहीतर प्रोपेनवर या. मात्र ब्युटेनचा रेग्युलेटर प्रोपेनच्या सिलिंडरला चालेलच असं नाही, म्हणून दोन्हींची जोडी जुळते का ते आधी बघा.

मग रेग्युलेटरवर संशय कधी घ्यायचा? हवा उबदार आहे, सिलिंडर भरलेला आहे, तरी सगळे बर्नर मंद आहेत, तेव्हा. पैसे मोजण्याआधी फुकटची एक गोष्ट करून बघा. काही नळ्यांत आणि रेग्युलेटरांत जादा प्रवाह अडवणारी झडप असते. सिलिंडरचा कॉक झटकन उघडला की तिला नळी फुटल्यासारखं वाटतं आणि ती बंद होते. कॉक पूर्ण बंद करा, थोडं थांबा, मग अगदी हळू उघडा. रीसेटचं बटण असेल तर ते दाबा. नळी कुठे दुमडली आहे का तेही याच वेळी बघून घ्या.

तरी फरक नसेल तर रेग्युलेटर काढून त्याच्या तोंडात बघा. पिवळसर, तेलकट द्रव दिसला तर कारण सापडलं. रबरी नळीतले प्लॅस्टिसायझर (रबर मऊ ठेवणारी रसायनं) गॅससोबत ओढले जातात आणि सखल जागी साचतात. रेग्युलेटर सिलिंडरच्या कॉकपेक्षा खाली असेल तर ती सखल जागा म्हणजे रेग्युलेटरच. त्यामुळे नुसता नवा रेग्युलेटर त्याच जागी बसवणं मला पटत नाही. काही काळाने तोही तसाच तुंबेल. तो कॉकच्या वर बसवा, नळीचा उतार सिलिंडरकडे ठेवा, आणि जमल्यास या टप्प्यात रबराऐवजी स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी घ्या. नव्याचा दाब शेगडीच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाशी जुळलाच पाहिजे. 30 मिलिबारची शेगडी आणि 50 चा रेग्युलेटर ही जोडी धोक्याची आहे. ‘थोडी जास्त आच मिळेल’ म्हणून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर तर अजिबात लावू नका. नळी किंवा रेग्युलेटर बदलल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळती तपासा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून व्हॅनच्या तळाची गॅस निघून जायची भोकं उघडी आहेत ना तेही बघा.

बर्नरची सफाई

एकच बर्नर मंद असेल तर मी निःशंकपणे सफाईच्या बाजूने आहे. आधी बर्नरची टोपी उचलून भोकं साफ करा, पूर्ण वाळवा आणि खाचेत नीट बसवा. तिरकी बसलेली टोपी एका बाजूने ज्योत मारते. मग मिश्रणनळीत टॉर्चने बघा. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये तिथे कोळ्याची जाळी सापडणं नवलाचं नाही; हवेची वाट तीच अडवतात आणि ज्योत पिवळी पडते.

शेवटी जेट. त्याचं भोक मिलिमीटरच्या अंशाचं असतं. 0.5 मिलिमीटरचं भोक मळाने 0.4 झालं तर क्षेत्रफळ 64 टक्के उरतं, म्हणजे गॅसही साधारण तेवढाच. दाब अर्ध्यावर आला तरी प्रवाह सुमारे 70 टक्के राहतो. डोळ्याला न दिसणारा मळ अर्ध्या झालेल्या दाबापेक्षा जास्त नुकसान करतो, ते असं. जेट स्पिरिटमध्ये भिजवा आणि हवेच्या झोताने फुंका. सुई किंवा तार घालू नका: पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते आणि मग जेट बदलावंच लागतं. मोठ्या आणि लहान बर्नरची जेटं वेगळी असतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

डोंगरावर उंच गेल्यावर ज्योत पिवळी आणि सुस्त वाटली तर लगेच काही खोलू नका. 3000 मीटरवर हवा बरीच विरळ असते. खाली उतरल्यावर ज्योत सुधारते का ते बघा. नॉब सोडल्यावर ज्योत विझत असेल, तर तो दोष बहुतेक वेळा थर्मोकपलचा असतो, म्हणजे ज्योत विझली की गॅस बंद करणाऱ्या सुरक्षायंत्रणेतल्या, उष्णता ओळखणाऱ्या भागाचा.

माणूस कधी बोलवायचा

गॅसचा वास येत असेल, सफाईनंतरही ज्योत पिवळीच असेल, कॉक अडकत असेल किंवा बर्नरची भोकं जळून मोठी झाली असतील तर स्वतः हात घालू नका. बऱ्याच देशांत गॅसच्या जोडणीचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं लागतं, तोही नियम बघून घ्या. त्याला नुसतं ‘आच कमी आहे’ असं सांगू नका. एक बर्नर मंद आहे की सगळे, थंडीतच होतं की उन्हातही, दुसरा बर्नर लावल्यावर काय होतं, एवढं सांगा. आणि दाब मोजताना सगळे बर्नर पेटते ठेवायला सांगा. बर्नर बंद असताना तुंबलेला रेग्युलेटरही पूर्ण दाब दाखवू शकतो, आणि पेटल्यावर तो आकडा किती खाली येतो त्यावरूनच त्याचा दोष कळतो.