बिननावाच्या दगडी चकत्या, तीन किलो

कापणी उत्तम, दगड बहुतेक चांगले, पण विक्रेत्याने दोन गोष्टी सांगायलाच हव्या होत्या. गुजरातमधल्या खंबातहून मागवलेल्या मिक्स चकत्यांच्या पार्सलबद्दल माझं मत हे असं आहे. विट्यापर्यंतचं कुरिअर धरून किलोला साडेसातशे पडले. मी चांदीच्या पेंडंटसाठी कॅब, म्हणजे वरून घुमटदार, तळाला सपाट खडे, घासते आणि सांगलीच्या सराफ कट्ट्यावर कोंदणात बसवून घेते, तेव्हा हे मत त्या कामापुरतं समजा.

चकत्या सहा-सात मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही बाजू समांतर. ब्लेडचे ओरखडे उथळ, त्यामुळे ८० नंबरच्या चाकावर फार वेळ जात नाही. प्रत्येक चकती वेगळी गुंडाळलेली, एकही फुटलेली नाही. वरून तेल चोपडलेलं नव्हतं, हे मला विशेष आवडलं. तेलाखाली भेगा लपतात.

नावं मिळणार नाहीत असं आधीच लिहिलेलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगड कोणता हे कळल्याशिवाय तो चाकावर धरू नये. कडक किती, पॉलिश कशाने घेईल, धूळ किती वाईट, सगळं त्यावर ठरतं. आणि रंगावरून दगड ओळखायला जाल तर फसाल.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, असतं. माझे दीरही त्यातलेच, म्हणून सोन्याचा काटा घरात आहे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. दगड ओळखायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. चकती आधी कोरडी तोलायची. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि चकती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी सोडायची, तळाला किंवा कडेला लागू द्यायची नाही. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घन सेंटिमीटर चकतीचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळाली. चिकटलेले बुडबुडे आधी पुसून काढा, नाहीतर उत्तर कमी येतं.

पार्सलमध्ये दोन हिरव्या चकत्या होत्या. दोन्ही बाजारात जेड म्हणून सहज खपल्या असत्या. पहिली ३८.४२ ग्रॅम, पाण्यात १४.५० दाखवलं, घनता २.६५. हा आकडा क्वार्ट्झचा. भिंगातून पाहिलं तर आत हिरव्या अभ्रकाचे, फुक्साइटचे, बारीक चमकते पापुद्रे. म्हणजे अव्हेंच्युरीन. दुसरी मेणचट, काळसर शिरांची. ५२.१० ग्रॅमला २०.३० आलं, म्हणजे २.५७, आणि चाकूने सरळ ओरखडा उठला. नेफ्राइट जेडची घनता २.९ च्या पुढे असते आणि ते चाकूला दाद देत नाही. ही दुसरी सर्पेंटाइन.

विक्रेत्याने सांगायला हवी होती ती पहिली गोष्ट इथे येते. सर्पेंटाइनमध्ये काही वेळा क्रायसोटाइलचे तंतू असतात, म्हणजे ॲस्बेस्टॉस. अशी चकती हौशी माणसाच्या हातात देताना एक ओळ लिहून पाठवायला काय लागतं? अकीक (ॲगेट, क्वार्ट्झचाच प्रकार) घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, होतो, हे खंबातइतकं जवळून कोणत्या गावाने पाहिलं आहे? फुप्फुसात रुतलेली ती धूळ बाहेर पडत नाही. कोणताही दगड चाकावर पाणी चालू ठेवूनच घासा आणि एन ९५ मास्क लावा, तोंडाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग नाही. सर्पेंटाइनची ती चकती मी न कापता पिशवीत बंद करून ठेवली आहे.

काट्याने सगळंच कळत नाही. साय आणि मधाच्या रंगाचे पट्टे असलेली एक देखणी चकती अकीकासारखी दिसत होती. घनता २.७१, क्वार्ट्झच्या अगदी जवळ. अशा वेळी मी आमच्या विहिरीच्या मुरुमातली गारगोटी वापरते. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या पोकळ्यांत सिलिका भरून या गारगोट्या झाल्या; कडकपणा १ ते १० च्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास. अकीकही तसाच, तेव्हा त्यावर गारगोटीने खोल चर पडणार नाही. या चकतीवर पडला, चाकूनेही पडला, आणि खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकताच फेस आला. कॅल्साइट. कडकपणा ३, अंगठीसाठी निरुपयोगी, पेंडंटला जपून चालेल.

निळी-पांढरी चकती २.२९ वर आली, तेव्हा लाजवर्दी (लॅपिस) नाही, ती याहून जड असते; ही सोडालाइट. गुलाबी-हिरव्या ठिपक्यांची उनाकाइट, तिला काटा लागलाच नाही. बाकी बहुतेक अकीक आणि त्याचाच अपारदर्शक भाऊ जास्पर, सीरियम ऑक्साइडच्या पॉलिश पावडरवर आरशासारखं पॉलिश घेणारे. त्यातल्या एका शेवाळी अकीकाच्या कॅबला सराफ कट्ट्यावर तिथल्या तिथे गिऱ्हाईक मिळालं.

दुसरी गोष्ट रंगाची. दोन भडक गुलाबी चकत्यांमध्ये रंग भेगांत आणि ठरावीक पट्ट्यांतच दाटलेला होता. ॲसिटोनचा बोळा फिरवला, तो गुलाबी झाला. रंगवलेला अकीक विकण्यात वावगं काही नाही, पण तसं सांगून विकावा. पेंडंट घामात, उन्हात वापरलं जातं. उद्या रंग उतरला तर गिऱ्हाईक मला विचारणार. ॲसिटोनने सगळेच रंग निघत नाहीत, म्हणून भिंगाखाली भेगा आधी बघा.

पाचपैकी साडेतीन गुण. घरी काटा, भिंग आणि धीर असेल त्याने जरूर घ्यावं, पहिल्यांदाच चाकावर बसणाऱ्याने नाव लिहिलेला अकीक घ्यावा. मी पुन्हा त्यांच्याकडूनच मागवणार आहे, पण या वेळी फक्त अकीक आणि जास्पर, आणि ऑर्डरमध्ये ‘रंगवलेला एकही नको’ असं लिहून.