आपण कसे वाढलो तसं आपल्याला दिसतं, या विषयावरचा ऑनलाइन कोर्स : माझा अनुभव

सहा आठवड्यांचा कोर्स आहे, रेकॉर्डेड लेक्चर्स आणि आठवड्यातून एकदा लाइव्ह चर्चा. पहिला आठवडा नुसती ओळख, तो पळवत बघितला तरी चालतो.

खरा कोर्स दुसऱ्या आठवड्यात आहे. १९८४ सालचा वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग दाखवलाय, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखतात, आणि १० ते १२ महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो फरक ऐकू येईनासा होतो! कान तेच, फक्त घरात तो फरक कधी लागलाच नाही. आपल्याला त आणि ट एकच वाटू शकतात ही कल्पनाच करवत नाही ना, मी ते लेक्चर तीनदा ऐकलं.

कारण आमच्याकडे चार वर्षं एकच वाद चाललाय, मी म्हणते ओरडू नकोस आणि नवरा म्हणतो मी कुठे ओरडतोय. माझ्या माहेरी आवाज चढला म्हणजे काहीतरी बिनसलं, आणि त्याच्या घरी सगळे एकदमच मोठ्याने बोलतात, त्याला तो आवाज चढलेला वाटतच नाही. मला इतकी वर्षं वाटायचं तो मुद्दाम नाकारतोय. लेक्चर त्यालाही ऐकवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला तुला खरंच भीती वाटते का गं?

चौथ्या आठवड्यात १९४७ चा ब्रूनर आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांचा नाण्यांचा प्रयोग आहे, गरीब मुलांना नाणी जास्त मोठी वाटली तो. पण नंतरच्या प्रयोगांत निकाल इतका स्पष्ट आला नाही हे सांगितलंच नाही, सांगायला हवं होतं.

शेवटचा आठवडा मला पटला नाही. २०१५ मधला तो इंटरनेटवर गाजलेला ड्रेसचा फोटो, कुणाला निळा-काळा तर कुणाला पांढरा-सोनेरी दिसणारा, दाखवून थेट 'प्रत्येकाचं सत्य वेगळं' असं म्हणून टाकलंय. अहो पण ड्रेस निळा-काळाच होता! उजेड कसला पडलाय याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू वेगळा बांधतो म्हणून काहींना पांढरा-सोनेरी दिसला, त्याने ड्रेसचा रंग बदलत नाही. मी हे लाइव्ह चर्चेत विचारलं, पण तिथे गर्दी इतकी असते की उत्तर राहूनच गेलं.

पाचपैकी चार स्टार. जमलं तर जोडीने करा, एकट्याने केलात तर दुसरा आठवडा तरी घरच्यांसोबत बसून ऐका.