डीव्हीडीची फाइल केली आणि आवाज सुटला: मेकएमकेव्ही, हँडब्रेक, एमकेव्हीटूलनिक्स की एफएफएमपेग?

घरच्या लग्नाची डीव्हीडी संगणकावर घेतली, एमपी४ केली आणि बघायला बसलं, तर गुरुजींचे ओठ मिटल्यावर ‘सावधान’ ऐकू येतं. उपाय विचारला की चौघं चार सॉफ्टवेअरची नावं सांगतात. डीव्हीडीच्या कामापुरती ती चारही फुकट आहेत आणि चारही चांगली आहेत, पण प्रत्येकाचं काम निराळं. तुमच्या फाइलला कोणतं लागेल हे आवाज कसा सुटलाय यावर ठरतं, म्हणून डाउनलोड करण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा. ब्लूटूथ हेडफोन असतील तर काढून ठेवा. त्यांच्यामुळेही आवाज मागे पडतो आणि मग नसलेला दोष आपण फाइलमध्ये शोधत बसतो. जिथे आघात दिसतोही आणि ऐकूही येतो अशी जागा पकडा. ताशावर पडणारी काठी सगळ्यात सोयीची. ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेम सरकतं. ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी अलीकडे-पलीकडे होतो. जुळेपर्यंत दाबा, पडद्यावर आलेला आकडा लिहून ठेवा. हेच मध्यावर आणि शेवटाजवळ करा.

तिन्ही ठिकाणी आकडा एकच आला, तर आवाज सरसकट पुढे किंवा मागे आहे. आकडा वाढत गेला तर आवाज हळूहळू घसरतोय. आणि चाळीस मिनिटं सगळं सुरळीत, मग एका कटनंतर एकदम दीड सेकंदाचा फरक, असं असेल तर ती उडी. फार काटेकोर होऊ नका. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतं, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो.

आता हीच तपासणी मूळ डिस्क लावून करा. डिस्कच्या फोल्डरमधून सुटी फाइल उघडू नका, व्हीएलसीला डिस्क म्हणूनच उघडायला सांगा. तिथे सगळं जुळत असेल तर दोष रूपांतराचा आहे, आणि बिघडलेली एमपी४ दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. डिस्ककडे परत जा. माझ्या मते बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

डिस्क ठीक असेल तर: मेकएमकेव्ही की हँडब्रेक

उड्या का पडतात ते आधी बघू. डीव्हीडीवरचा व्हिडिओ जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतो आणि कुठला भाग कुठे सुरू होतो, कशाच्या मागे कोणता लागतो, याचा हिशेब आयएफओ फाइलमध्ये असतो. घरगुती डिस्कवर प्रत्येक रेकॉर्डिंगचं घड्याळ बऱ्याचदा नव्याने शून्यापासून सुरू होतं. शिवाय डॉल्बी आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, तर आपल्याकडच्या पॅल या टीव्ही-पद्धतीच्या चित्राची ४०. भाग संपतो तिथे दोन्हींची टोकं सहसा एका रेषेत येत नाहीत. एका सांध्याला हा फरक नगण्य असतो. तीस सांधे असलेल्या डिस्कवर तो साठत जातो, आणि व्हीओबी नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर साठलेला फरक कुणीच झाडत नाही. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, त्याला डिस्कवरचा अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर किंवा आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत) द्या.

मेकएमकेव्ही आणि हँडब्रेक दोघंही आयएफओ वाचतात, सांधे ओळखतात. फरक पुढे पडतो. मेकएमकेव्ही चित्राला आणि आवाजाला हात लावत नाही, आहे तसं उचलून एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत ठेवतं. दर्जा तोच, आकारही जवळपास डिस्कवर होता तेवढाच, आणि वेळ डिस्क वाचायला लागतो तेवढाच. मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लॉग. कोणत्या मिनिटाला आवाज सरकला होता आणि तो जुळवायला किती फ्रेम टाकून दिल्या, हे तो ओळीने सांगतो. तुमच्या कागदावरचे आकडे त्याच्याशी ताडून बघा, कुठला सांधा गुन्हेगार आहे ते लगेच कळतं.

हँडब्रेक सगळं नव्याने एन्कोड करतं, म्हणजे चित्र आणि आवाज पुन्हा दाबून नव्याने लिहितं. आवाजात खड्डा असेल तर शांतता भरतं, दोन भाग एकमेकांवर चढले असतील तर जादाचं कापतं. फाइल लहान होते, फोनवर चालते. पण ध्वनी इतके मिलिसेकंद सरकव असं सांगायला त्यात जागाच नाही, तेव्हा सरसकट मागेपुढे असलेला आवाज त्याच्याकडे नेऊ नका. सेटिंगमध्ये दोन ठिकाणी लक्ष द्या. पहिलं, प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला सेटिंगचा संच. ‘फास्ट ५७६पी२५’ भारतातल्या डिस्कसाठी बरोबर; अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली बारशाची डिस्क एनटीएससी म्हणजे सेकंदाला २९.९७ फ्रेमची असणार, तिला हाच प्रीसेट लावला तर जवळपास पाच फ्रेम दर सेकंदाला गळतात आणि हालचाल अडखळते. फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवला की हा प्रश्न उरत नाही. फाइल पुढे एडिटिंगला द्यायची असेल तर मात्र ‘कॉन्स्टंट’ निवडा, कारण बदलत्या फ्रेमरेटची फाइल प्लेअरमध्ये जुळते आणि एडिटरच्या टाइमलाइनवर सुटते. दुसरं, ‘अलाइन ए/व्ही स्टार्ट’ ही खूण. संगणकावर ठीक चालणारी एमपी४ टीव्हीच्या यूएसबीला लावल्यावर किंचित मागेपुढे होत असेल, तर तीच खूण करून पुन्हा काढा. दर्जाचा आरएफ आकडा डीव्हीडीसाठी १८ ते २२ पुरेसा आहे.

माझा कौल: आधी मेकएमकेव्ही. ती फाइल जुळली की जपून ठेवायची प्रत तीच, आणि नातेवाइकांना पाठवायची लहान प्रत तिच्यावरून हँडब्रेकने. जागा आणि वेळ दोन्ही कमी असतील तर एकटं हँडब्रेकही चालेल. हे सगळं घरगुती डिस्कबद्दल आहे. बाजारातल्या कुलूपबंद डिस्क हँडब्रेक मुळात स्वतःहून उघडत नाही, आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ (असं कुलूप तोडण्याबद्दलचं) बघता तो विषय मी इथे घेत नाही.

डिस्कवरच चुकलं असेल तर: एमकेव्हीटूलनिक्स की एफएफएमपेग

व्हीएचएस कॅसेटवरून करून घेतलेल्या डिस्कची ही नेहमीची तक्रार. दुकानात चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज साउंड कार्डातून घेतला असेल, तर दोन घड्याळं थोड्या वेगळ्या गतीने चालतात आणि घसरण डिस्कवरच कोरली जाते. डिस्कवरून फाइल कितीही नीट उतरवा, ती येणारच.

सरसकट फरकाला एमकेव्हीटूलनिक्सपेक्षा सोपं काही नाही. मेकएमकेव्हीची फाइल त्यात टाका, ऑडिओचा ट्रॅक निवडा, ‘डिले’च्या चौकटीत आकडा लिहा. आवाज आधी येत असेल तर अधिक, उशिरा येत असेल तर उणे. एन्कोडिंग नाही, त्यामुळे काम दोनचार मिनिटांत उरकतं.

घसरणीला त्याच खिडकीत ‘स्ट्रेच बाय’ आहे, पण ऑडिओसाठी मी ते टाळतो. ते फक्त वेळेचे शिक्के बदलतं, मूळ आवाज तेवढ्याच लांबीचा राहतो आणि उरलेली जुळवाजुळव प्लेअरच्या गळ्यात पडते. इथे एफएफएमपेग सरस. त्याचा ‘एटेम्पो’ फिल्टर आवाज खरोखर लांबवतो किंवा आखडतो, तेही सूर न बदलता. हिशेब असा: दीड तासाची फाइल म्हणजे ५४०० सेकंद. सुरुवातीला आवाज जुळलेला आणि शेवटी ५.४ सेकंद मागे, म्हणजे आवाज ५४०५.४ सेकंदांचा झालाय. भागाकार १.००१, तोच आकडा एटेम्पोला द्यायचा. आवाज पुढे पळत असेल तर आकडा १ पेक्षा कमी येईल. चित्र ‘कॉपी’वर ठेवा, नुसता आवाज एन्कोड होईल. उत्तर १.००१ च्या आसपास आलं तर कुणीतरी २९.९७ ला ३० धरलंय असा संशय घ्या, १.०४३ च्या जवळ आलं तर २३.९७६ आणि २५ ची गफलत.

एफएफएमपेगला खिडक्या नाहीत, सगळं टाइप करावं लागतं. काळ्या पडद्याची धास्ती असेल तर अ‍ॅविडेमक्स आहे. त्यात आवाज सरकवायची ‘शिफ्ट’ची चौकट मिळते आणि कापाकापीही सोपी, पण घसरणीसाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. ‘एका क्लिकमध्ये सिंक’ म्हणणारे विकतचे कन्व्हर्टर तर सोडूनच द्या. तुमचा दोष तीनपैकी कोणता, हे ते विचारतसुद्धा नाहीत.

डिस्कवर ओरखडे असतील तर यातलं काहीही करण्याआधी डीडीरेस्क्यूने तिची आयएसओ काढून घ्या. ते न वाचले गेलेले सेक्टर टिपून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तेवढेच वाचून बघतं. शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवरही चालवा; एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

शेवटचा प्रकार सगळ्यात चिवट: कॅसेट मध्येच अडकली होती आणि घसरण सारख्या गतीची नाही. पहिल्या अर्ध्या तासात एक सेकंद, पुढच्या अर्ध्या तासात चार. एकच आकडा इथे लागू पडत नाही. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल प्रसंगांनुसार तोडा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा डिले किंवा एटेम्पो द्या. तुकडे पुन्हा जोडण्याचा आग्रह धरू नका. सीमांतपूजन, मुहूर्त, पंगत, वरात अशा वेगळ्या फाइली ठेवल्या तर बघणाऱ्यालाही हवं ते पटकन सापडतं.