सोमवारी तीन ते पाच, पेन्सिल सोबत न्यावी

हॉटेलांचे आणि आंबापेट्यांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. मी एका फुकट सेवेचा लिहितो : सरकारी कार्यालयात बसून फाईल बघण्याची सेवा. पाचपैकी साडेतीन तारे. कार्यालयाचं नाव देत नाही, मला परत तिथेच जायचंय.

मी विजयदुर्गचा. एस.टी.त कंडक्टर होतो, आता निवृत्त. गेल्या वर्षी घराची पडवी पुढे घ्यायला काढली तेव्हा कळलं की संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊनच. कायदा आहे, मान्य. पण पुढे किल्ल्याच्या वाटेवर सरकारी वाहनतळ आणि स्वच्छतागृह उभं राहायला लागलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. माझे चार पत्रे चालत नाहीत आणि ह्यांचे पेव्हर ब्लॉक चालतात?

वाहनतळ नको असं नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आमचा आहे. तेव्हापासून रविवारी गावात एस.टी. वळवायला जागा नसते. हे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. गिर्येच्या बाजूला खडक फोडून केलेली त्यांची गोदी अजून आहे, पण पाहुणे तिकडे फिरकत नाहीत, बुरुजावर फोटो काढून परत. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं, आणि इंग्रज गलबतं घेऊन आले तेव्हा पेशव्यांची फौज त्यांच्याच बाजूने होती. आता त्या ठाण्याभोवती काय बांधतायत हे गावाने बघायचं नाही तर कोणी?

तर सेवा. नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कोणीही जाऊन कागद बघू शकतो. अर्ज नाही, फी नाही. माहिती अधिकारात टाकलात तर 10 रुपये, 150 शब्दांची मर्यादा आणि 30 दिवसांची वाट. त्यापेक्षा हे बरं.

पहिल्या सोमवारी शिपायाने विचारलं, "काय व्हया तुमका?" म्हटलं, वाहनतळाच्या कामाची फाईल बघायची. "सायेब मिटिंगीक गेले." दुसऱ्या सोमवारी परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन गेलो. साहेब तेव्हाही मिटिंगला, पण मॅडमनी झेरॉक्स दोनदा वाचली आणि कपाट उघडलं. एक तारा त्या मॅडमना. पेन मात्र काढून घेतलं, पेन्सिलनेच उतरवायचं म्हणे. चिडलो होतो, पण तो नियम 2012 पासून खरंच आहे. पेन्सिल त्यांच्याकडे नव्हती. समोरच्या स्टेशनरीतून आणली, तोवर साडेतीन वाजले. अर्धा तारा तिथे गेला. पंखा बंद, खुर्चीचा एक पाय आखूड, तो दुसरा.

लाल दोऱ्यात ओवलेली फाईल. पानांवर नंबर अर्ध्यापर्यंतच. सगळ्यात आधी परवानगी शोधली. होती! रीतसर, शिक्क्यासकट. खरं सांगतो, मला ती नसायला हवी होती.

मग मोजमाप पुस्तिका उघडली, झालेल्या कामाची मापं लिहितात ती. आयुष्यभर वेबिलाची, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाची, बेरीज रात्री डेपोत जुळवली आहे, एक तिकीट कमी पडलं तर झोप नाही. त्या सवयीने ओळी वाचत गेलो आणि एका नोंदीवर थांबलो : जांभ्याच्या चिऱ्याची संरक्षक भिंत, लांबी 38 मीटर. भिंत मी रोज बघतो. संध्याकाळी घरी येऊन होडीची दोरी घेतली, मीटरा-मीटरावर गाठी मारल्या आणि नातवाला एक टोक धरायला लावलं. 29 आणि वर एक वीत. दोनदा मोजली.

तिसऱ्या सोमवारी विचारलं तर म्हणाले, उरलेली भिंत भरावाखाली गेली आहे. असेल. तिथे मुरूम टाकलाय हे खरं. पण नऊ मीटर भिंत पुरायला आधी ती बांधलेली कोणीतरी बघितली असती, आणि समोरच टपरी आहे, तिथे दिवसभर पाच माणसं बसलेली असतात. पाचांनाही विचारलं. त्यांना ट्रक आठवतात, भिंत नाही.

बाकीचा अर्धा तारा अंतराचा. तालुक्याला जायला-यायला माझा अख्खा दिवस जातो. अंदाजपत्रक आणि मोजमापं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली तर सोमवारची वारीच नको. ग्रामसभेत हे मांडलं, ठरावात लिहून घेतलंय. फलकावर अजून पोलिओचा जुना कागद आहे.

जाणाऱ्यांनी एवढं करा : तीनच्या आधी पोचा, परिपत्रकाची प्रत न्या, पेन्सिल दोन न्या, पाण्याची बाटली न्या. आणि फाईलीचं एकूण पान किती ते आधी लिहून घ्या, पुढच्या वेळी मोजायला.

येत्या सोमवारी इंजिनियर स्वतः जागेवर येतो म्हणालेत. टेप मात्र मी आणायचाय, त्यांचा म्हणे घरी राहतो.