दादरचं ब्लड स्पेशालिस्टचं क्लिनिक: वेटिंगचा वैताग, पण मॅडम एक नंबर

धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन कॉलेजपासून साडेदहाच्या आसपासच, वर जायचं नावच नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, आईचं बीट-खजूर-गूळ झालं, गोळ्यांनी फक्त पोट बिघडायचं. शेवटी ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून इथे आलो. बोर्डावर हिमॅटॉलॉजी आणि त्याखाली ऑन्कॉलॉजी वाचून आई जिन्यातच थबकली, कॅन्सरवाल्यांकडे कशाला आणलंस म्हणून मलाच झापलं. अहो, ब्लड कॅन्सर पण हेच डॉक्टर बघतात म्हणून तसं लिहिलेलं असतं, बाहेर बसलेल्यांत अॅनिमिया नि प्लेटलेटवालेच जास्त होते.

अपॉइंटमेंट पाचची, आत घेतलं साडेसहाला. पॅसेजमध्ये एकच पंखा, रिसेप्शनवाली फोनमधून मान वर करत नाही. दोन स्टार त्याचेच कापलेत.

पण मॅडम! नवीन टेस्ट लिहायच्या आधी जुने सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची साधी टेस्ट) मागितले आणि पेनाने दोन आकड्यांना गोल केले. एमसीव्ही ६२ म्हणजे लाल पेशी खूपच लहान, आणि आरबीसी काउंट ५.८ म्हणजे संख्या मात्र भरपूर. लोह कमी असलं की संख्या पण सहसा कमी होते, इथे उलटंच. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (आई किंवा वडिलांकडून आलेला, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा सौम्य दोष) संशय घ्यायचा, पण संशयच, पक्कं नाही. एवढं साधं गणित इतकी वर्षं आमच्या फाईलीत पडून होतं आणि गोळ्या देणाऱ्या एकाही डॉक्टरने केलं नाही, याचा राग अजून जात नाही. मग फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट), दोन्ही का तर लोह कमी असलं की एचबीए२ (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) पण खोटं कमी येऊ शकतं. फेरिटिन नॉर्मल, एचबीए२ ५.१ (साडेतीनच्या वर म्हणजे बहुतेक मायनरच). गोळ्या बंद, बाकी काही औषध नाही, नॉर्मल जगा म्हणाल्या.

तिचं लग्न ठरलंय, त्यामुळे मुलाची टेस्ट करायला लावली. दोघंही मायनर निघाले तर दर गरोदरपणात बाळ मेजर असायची शक्यता २५ टक्के, आणि मेजर म्हणजे कायम रक्त चढवत राहायचं. सासरी हे कसं काढायचं याचं आईला टेन्शन, तर मॅडमनी मुलालाच बोलावून नीट समजावलं, त्याची वेगळी फी पण घेतली नाही. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला.

हिमोग्लोबिन जरा कमी दिसलं की इथे धावू नका असं त्या स्वतःच सांगतात, आधी फॅमिली डॉक्टर. पण ताप-डेंग्यू काही नसताना प्लेटलेट परत परत लाखाच्या खाली, न आपटता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या, मानेत गाठ आणि वजन उतरत चाललंय, असलं काही असेल तर थांबायचं नाही.

फी खिशाला जड आहे. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी परळला केईएममध्ये हिमॅटॉलॉजी आहेच, फक्त रांगेची तयारी ठेवा. आणि इथे येणार असाल तर जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा, मोबाईलमधले फोटो मॅडम बघत नाहीत.